पाठीशी सगळे, सोबत कुणी नाही

गुन्हा ताजा असतो तोवर आपल्याकडे पाठिंब्याला तोटा नसतो. पहिल्या आठवड्यात पुढारी भेटून जातात, वाहिन्यांचे बूम नाकापुढे येतात, चौकात मेणबत्त्या लागतात, खटला ‘फास्ट ट्रॅक’वर चालवा अशी मागणी होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असं टाकतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मग दोषारोपपत्र दाखल होतं, आरोपी जामिनावर सुटतो, दोन-तीन पावसाळे जातात. आणि एके दिवशी समन्स घेऊन पोलीस दारात उभा राहतो. अमुक तारखेला सकाळी साक्षीसाठी हजर राहावे.

आता त्याच ग्रुपवर विचारून बघा, ‘मंगळवारी कोर्टात सोबत कोण येतंय?’ जोडलेले हात पटापट सुटतात. कुणाच्या ऑफिसात ऑडिट असतं, कुणाच्या मुलाची युनिट टेस्ट. एखादे आजोबा कळकळीने सांगतात, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’

आजोबा, ही म्हण बांधाच्या भांडणासाठी आहे. वीतभर जमिनीपायी वीस वर्षं वकिलाची फी भरणाऱ्याला ती जरूर सांगा. पण ज्याच्या डोक्यात गज घातला, जिची आयुष्यभराची ठेव कुणी बुडवली, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांना पायरी चढायची की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं. समन्स म्हणजे काही हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हे. नाही गेलं तर वॉरंट निघू शकतं. ज्याने गुन्हा सोसला त्यालाच पोलीस पाठवून कोर्टात आणण्याची तजवीज कायद्यात आहे. त्याच्या शेजारी कोण बसणार, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक गंमत दिसते, म्हणजे ज्याच्यावर बेतलेलं नाही त्याला ती गंमत वाटते. आरोपी कधी एकटा नसतो. तुरुंगात असेल तर सोबत पोलीस असतात. जामिनावर असेल तर सोबत भाऊ, मेहुणे, मित्रमंडळ आणि बाहेर पांढरी गाडी. वकील असतोच, परवडत नसेल तर सरकार देतं, आणि ते योग्यच आहे. वकिलाविना कुणाला शिक्षा होऊ नये, हे संस्कृतीचं लक्षण आहे. फिर्यादी बाई मात्र व्हरांड्याच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी. काही वेळाने त्या जागेवर आरोपीची मावशी येऊन बसते आणि म्हणते, ‘ताई, तुम्हालाही मुलंबाळं आहेत ना?’

धमकी दर वेळी सुरा घेऊन येत नाही. बऱ्याचदा ती चौकशी करत येते.

खटल्याचं नाव वाचा: महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं नाव शीर्षकात नाही. कायदा म्हणतो, गुन्हा समाजाविरुद्ध झाला, म्हणून लढणार सरकार. तत्त्व उत्तम. व्यवहारात त्याचा अर्थ असा की सरकारी वकील हा सरकारचा वकील, तुमचा नव्हे. त्यांच्या टेबलावर त्या दिवशीच्या फायलींची चळत, आणि तुमची फाइल त्यात मधे कुठेतरी. तुम्ही सरकार पक्षाचे साक्षीदार क्रमांक एक. नंबर पहिला, मान शेवटचा.

कायद्याला बळी आठवायलाही वेळ लागला. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘बळी’ म्हणजे कोण याची व्याख्याच नव्हती. ती 2008 च्या दुरुस्तीने आली आणि 2009 च्या शेवटच्या दिवशी लागू झाली. त्याच दुरुस्तीने नुकसानभरपाईची योजना आली, आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क आला, स्वतःचा वकील नेमण्याची मुभा आली. अर्थात तो वकील बोलणार सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार, आणि पुरावा संपल्यावर परवानगी मिळाली तर लेखी युक्तिवाद देणार. आपल्या पैशाने आणलेला वकील, आणि त्याने हळू आवाजात बोलायचं.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत शेतकऱ्यांवर गाडी घातल्याचं प्रकरण आठवत असेल. तिथे उच्च न्यायालयात आरोपीच्या जामिनावर ऑनलाइन सुनावणी चालू असताना बळींच्या बाजूच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं. जामीन झाला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सांगितलं की घटना घडल्यापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर बळीला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. उत्तम निकाल. पण लिंक तुटली म्हणून ज्यांचा आवाज तुटला, त्यांना तो परत मिळवायला दिल्ली गाठावी लागली.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणखी भर पडली. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला किंवा बळीला कळवायचं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर कोर्टाने आधी बळीचं म्हणणं ऐकायचं. बळीने वकील दिला असेल तर पोलिसांच्या कागदपत्रांची प्रत त्यालाही द्यायची. कलमांची चांगली भरगच्च ताटली आहे. फक्त वाढायला कुणी नाही. बळीला हक्क असतात आणि ते आहेत हे सांगणारा माणूस नसतो. नव्वदाव्या दिवशी पोलीस ठाण्याचा फोन आला नाही, तर तो यायला हवा होता हे तिला कळणार कसं?

आता बसण्याच्या जागेबद्दल. 2000 साली पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदाराची अवस्था स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली. लांबून येतो, दिवसभर ताटकळतो, शिपाई त्याला गर्दीतून बाहेर ढकलतो, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, आणि शेवटी कळतं की तारीख पडली. हे कुणा वैतागलेल्या स्तंभलेखकाचं म्हणणं नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाचं आहे. त्याला पंचवीस वर्षं उलटली. प्रगती झालीच नाही असं नाही, काही कोर्टांत पाण्याचा कूलर आलाय. त्यावर देणगीदाराचं नाव पाण्यापेक्षा ठळक असतं.

साक्षीदार हजर असताना खास कारण असल्याशिवाय सुनावणी पुढे ढकलू नये, हे कायद्यात पूर्वीपासून आहे. नव्या संहितेत दोनपेक्षा जास्त तहकुबी नकोत, हेही आहे. पण ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे कारण कुठल्याही कलमापेक्षा वजनदार ठरतं. साहेब येईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. सुट्टीनंतर साहेब येतात, तेव्हा स्टेनो रजेवर असतो. फिर्यादीने मात्र रजा टाकलेली असते, बिनपगारी.

तारीख पडण्यातून खुद्द कोर्टाचे आदेशही सुटत नाहीत. लहान मुलं, अत्याचारग्रस्त, दिव्यांग अशा साक्षीदारांना आरोपीच्या नजरेपुढे न आणता साक्ष देता यावी, यासाठी वेगळी केंद्रं हवीत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत तीन महिन्यांत किमान दोन केंद्रं करा. 2018 साली साक्षीदार संरक्षण योजनेला मंजुरी देताना सांगितलं, 2019 च्या अखेरीपर्यंत जिल्हा न्यायालयांत करा. जानेवारी 2022 मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, पुन्हा आदेश काढावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सर्वोच्च न्यायालयाची ही तऱ्हा, तर कळंबहून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाईने किती अपेक्षा ठेवायची?

सोबतीची बाब क्षुल्लक वाटत असेल तर जुनं देसाईगंज आठवा. मार्च 1972. आज गडचिरोलीत, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेलं पोलीस ठाणं. एक आदिवासी मुलगी नातेवाइकांसह जबाब द्यायला गेली. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. पुढे काय झालं ते देशाला माहीत आहे, कारण बलात्काराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची सुटका केली आणि 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. सगळा देश त्या मुलीच्या पाठीशी उभा राहिला, खटला संपल्यावर. ऐन वेळी जे सोबत होते त्यांना दाराबाहेर काढलं होतं.

त्यातून आपण काही शिकलो का? शिकलो, पण वयाची अट घालून. 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब आई-वडिलांच्या किंवा त्याचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. कोर्टात विश्वासातलं माणूस हजर राहू शकतं. वकिलाचे प्रश्न थेट मुलावर येत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. मधेमधे विश्रांती द्यायची, मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. शिवाय बालकल्याण समिती एक ‘सपोर्ट पर्सन’ नेमू शकते. त्याने तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहायचं, खटल्यात काय चाललंय ते घरच्यांना समजावून सांगायचं. अशी माणसं प्रत्यक्षात नेमली जावीत म्हणून 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना निर्देश द्यावे लागले, हा भाग वेगळा. पण कायद्याने निदान मान्य केलं की या इमारतीत माणसाला माणूस लागतो.

फक्त हे सगळं अठरा वर्षांपर्यंत. पुढे कायद्याच्या लेखी माणसाला भीती वाटत नाही.

अठरा वर्षं आणि एक दिवस वयाची मुलगी, साठीतली विधवा, मुलाच्या खुनाचा खटला लढणारा बाप, सावकाराच्या माणसांनी हातपाय मोडलेला शेतकरी, यांच्यासाठी नेमलेलं माणूस नाही. जिथे आहे तिथे ते संस्थांच्या आणि काही जिद्दी लोकांच्या जिवावर आहे. मुंबईत पोलीस आयुक्तालयात 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया आणि मुलांसाठी ‘स्पेशल सेल’ सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र उघडलं. फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांच्या ‘मजलिस’ने ‘राहत’ उपक्रमातून अत्याचारग्रस्त मुली-बायकांना पोलीस ठाण्यापासून साक्षीपर्यंत साथ दिली. म्हणजे हे जमतं. चाळीस वर्षांपूर्वीही जमत होतं. पण मुंबईत जमलेली गोष्ट घाट चढून वर यायला आपल्याकडे एक पिढी लागते.

तोवर काय? तोवर तुम्ही आणि मी. पण त्याआधी, कुणी घरीच थांबावं ते सांगतो.

पहिले, मिटवामिटवीवाले काका. त्यांना दोन्ही बाजू ओळखतात आणि कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते ‘व्यवहार्य तोडगा’ काढतात. काकांच्या तोडग्यात आरोपीचं भविष्य असतं, गावाची इज्जत असते, फिर्यादी तेवढी नसते.

दुसऱ्या, पाठांतर घेणाऱ्या मावशी. ‘असं विचारलं की असं सांग.’ मावशींचा हेतू सोन्यासारखा, पण पढवलेली साक्ष उलटतपासणीत तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडते आणि खरं बोलणारी बाई खोटी ठरते. आणि मावशी स्वतःच साक्षीदार असतील तर बाकीच्यांची साक्ष चालू असताना त्यांनी बाहेर थांबायचं आणि साक्षीवर चर्चा करायची नाही. सांगून बघा, त्यांना हा अपमान वाटेल.

तिसरे, फोटोवाले कार्यकर्ते. ‘ताईंच्या न्यायासाठी आज कोर्टात’ म्हणून सेल्फी टाकणारे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात बळीची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. भाऊ, तुम्हाला कोर्टात यायची एवढी हौस असेल तर तीही सोय होऊ शकते.

चौथे, व्हरांड्यात बाह्या सरसावणारे मामा. आरोपीकडे डोळे वटारून यांनी एक शब्द जरी टाकला, तरी पुढच्या तारखेला फिर्यादी पक्षाने आरोपीला धमकावल्याचा अर्ज तयार असतो.

उरलेल्यांनी यावं. कायद्याची पदवी लागत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. ती आदल्या रात्री बघणं, हे पहिलं काम. डबा, पाण्याची बाटली, रोजच्या गोळ्या, फायलीची झेरॉक्स. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना गाठून ‘आमची बाई आज आहे, दहा मिनिटं द्या’ म्हणण्याचा निगरगट्टपणा. आरोपीचे नातेवाईक ज्या एसटीने येतात ती सोडून दुसरी गाडी. येण्या-जाण्याचा साक्षीदार भत्ता मागायचा असतो, ही आठवण.

धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष असलेली समिती तो बघते आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते. अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ला असेल तर महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. सुरुवातीला मदतीची मर्यादा तीन लाख होती, पुढे दहा लाखांपर्यंत वाढली, आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलं. त्याच प्राधिकरणाकडे मोफत वकीलही मिळतो, आणि त्याचं कार्यालय बहुधा त्याच आवारात असतं. तारीख पडल्यावर उरलेल्या दुपारी तिथे जाता येतं. आपल्याकडे तारीख पडण्याचा एवढा एकच फायदा आहे.

आणि पिंजऱ्यात उभं राहण्याआधी कानात सांगायच्या चारच गोष्टी. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लावायचा. उत्तर वकिलांकडे नाही, न्यायाधीशांकडे बघून द्यायचं. चक्कर येत असेल तर बसायला, पाणी प्यायला परवानगी मागायची, त्यात लाज नाही. अपमान करण्यासाठीच विचारलेला प्रश्न थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. अत्याचाराच्या खटल्यात बाईच्या चारित्र्यावर चिखल उडवणारे प्रश्न कायद्याने 2003 पासूनच बाद केलेत. वकिलांपर्यंत ही बातमी पोचायला वेळ लागतोय, हे धरून चालायचं.

साक्ष झाली की बहुतेकांना वाटतं, झालं, सुटलो. तिथेच माणसं पांगतात. पण निकाल यायचा असतो. तो विरुद्ध गेला तर अपिलाचा हक्क आहे हे सांगणारं कुणी लागतं, आणि मनासारखा लागला तर आरोपीच्या अपिलाची नोटीस येते तेव्हाही लागतं. न्यायदानाचं काम एका दिवसात उरकत नाही, म्हणून सोबतही एका दिवसाची पुरत नाही. नाहीतर मग एखादा साक्षीदार चौथ्या-पाचव्या खेपेला कंटाळून, घाबरून ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो, आणि आपण पेपर वाचता वाचता म्हणतो, ‘बघा, फितूर झाला. पैसे खाल्ले असतील.’ पैसे घेतले असतीलही. पण त्या चार खेपांना व्हरांड्यात त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, हे कुणी तपासत नाही. फितुरीचा पंचनामा नेहमी त्याच्याच घरी होतो, आपल्या नाही.

सरकारने अठरा वर्षांची अट काढून प्रत्येक गंभीर गुन्ह्यातल्या बळीला पगारी, प्रशिक्षित सोबती द्यावा, ही मागणी रास्त आहे. ती जरूर करा, निवेदनाची पोचही घ्या. सरकार तिच्यावर समिती नेमेल, समितीला मुदतवाढ मिळेल. दरम्यान मंगळवार येईल.

तेव्हा रजेचा अर्ज आजच टाका. कारण लिहा: कोर्टाचं काम. साहेब चष्म्यावरून बघतील आणि विचारतील, ‘तुमच्यावर कसली केस?’ सांगा, माझ्यावर काही नाही. म्हणून तर जाता येतंय.